उद्याबाबा आणि पेपरचा तास

मास्तर सकाळच्या बसने परतले तेव्हा त्यांच्या हातात बायकोची पिशवी होती. पिशवीत तिची शाल, तिचा चष्मा आणि दवाखान्यात नेलेला स्टीलचा पेला. बायको नव्हती. घरी सासूबाई लेकीची वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांना काय सांगायचं याचं वाक्य मास्तर वाटभर जुळवत होते. उभ्याने सांगायचं की बसवून, आधी पाणी द्यायचं की नंतर. पोस्टातला फोन नेहमीप्रमाणे आजारी होता, तेव्हा गावात कुणाला काही कळलेलं असणं शक्य नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आले तर दारात ही गर्दी. माणसं गुपचूप बाजूला झाली. आत सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे रडून सुजलेले. मास्तरांनी जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी," शेजारचा सायकलदुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "काल संध्याकाळीच. ओट्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि म्हणाले, मास्तरांच्या घरातला दिवा गेला. उद्याच्या कागदावर नाव आहे."

"आणि आज हे बघा!" किराणावाल्याने पेपर पुढे केला. तुमच्या बसनेच आलाय, आत्ता दारातच घडी मोडली, असं वर सांगितलं. निधनवार्तांच्या रांगेत चार ओळी होत्या. मास्तरांच्या मेहुण्यांनी दिलेल्या.

त्याच चार ओळी मास्तरांनी आदल्या दिवशी शहरात मेहुण्यांच्या घरी बघितल्या होत्या. मेहुण्यांनी दोन दिवस छापायला सांगितलं असेल, असं त्यांना वाटलं आणि विषय तिथेच राहिला. दुःखातला माणूस चौकशी करत नाही.

गावाने मात्र भरपूर चौकशी केली, फक्त ती भलत्याची. मास्तरांची बायको गेली ही बातमी दुपारपर्यंत शिळी झाली. बाबांना ती एक दिवस आधी कळली, ही बातमी महिनाभर ताजी राहिली.

तोवर हा बाबा म्हणजे बस स्टँडमागे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर पथारी टाकून बसणारा एक दाढीवाला. हरवलेल्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगायचा, आणि किल्ल्या भलतीकडेच सापडायच्या. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं उद्याबाबा. रोज संध्याकाळी ओट्यासमोर माणूस मावेना. आधी त्याचा एक चेला पुढे येई.

"डोळे मिटा! खोकला आवरा! उद्याची शाई अजून ओली आहे, कुणी फुंकर मारू नका!"

मग बाबा आतल्या खोलीतून बाहेर येई आणि हात हवेत फिरवी, जणू काही न दिसणारं पान उलटतोय.

"काल म्हणजे राख! आज म्हणजे धूर! उद्या म्हणजे अग्नी! राख सगळ्यांना दिसते, धूर शहाण्याला दिसतो. अग्नी दिसतो फक्त मला! ... पूर्वेला धूर दिसतोय ... कापड! कापडाच्या पेठेला आग! वाचवा, वाचवा त्या दुकानदारांना!"

वाचवायला कुणी जात नसे, कारण बाबाने सांगितलेलं टळत नाही असं चेल्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पेपर आला की त्यात खरंच शहरातल्या कापडाच्या पेठेला लागलेली आग. ज्यांनी जन्मात पेपर उघडला नव्हता, ते आता पेपर टाकणाऱ्याच्या मागे धावत सुटले.

शंकेखोर थोडेफार होतेच. एकाने विचारलं, "बाबा, उद्याच्या मॅचचा निकाल सांगा की."

"बाबा खेळात लक्ष घालत नाहीत," चेला म्हणाला.

"बरं, उद्या पाऊस पडेल?"

"हवामानवाल्यांच्या पोटावर बाबा कशाला पाय देतील?"

लोकांना हे पटलं. इतका मोठा माणूस, पण दुसऱ्याच्या पोटाचा विचार करतो!

हळूहळू गावाला पेपरात नाव येण्याची धास्तीच बसली. बाबाने त्यावरही तोड काढली. पेपरच्या कडेची कोरी पट्टी मंतरून मनगटाला बांधायची. कोऱ्यावर नाव उमटत नाही, म्हणून. पट्टी भिजली की तिची ताकद जाते, नवी घ्यायची. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना रोज नवी लागे.

सासूबाईही जाऊ लागल्या. त्यांना बाबा लेकीचे निरोप देई. ती सुखात आहे. ती म्हणते, रडू नका. ती म्हणते, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. घरी येऊन सासूबाई औषध घेत आणि मास्तरांना सांगत, "बघा, तिकडे जाऊनसुद्धा तिला माझ्या गुडघ्याची काळजी आहे." मास्तर बरं म्हणत. ते स्वतः तिकडे फिरकले नाहीत, पण सासूबाईंना जाऊ नका म्हणायचा धीरही त्यांना झाला नाही. औषध तर वेळेवर जात होतं.

बायकोच्या आजारपणात घरी पेपर येत राहिले होते आणि ते कुणीच उघडले नव्हते. कोपऱ्यात भलामोठा गठ्ठा साचला होता. रद्दीवाला दारात आला तेव्हा मास्तरांना तो देववेना आणि घरातही ठेववेना. शेवटी त्यांनी गठ्ठा सायकलला बांधला आणि सातवीच्या वर्गात नेऊन टाकला.

"पुस्तकं मिटा," ते म्हणाले. "एकेक पेपर घ्या."

पोरांना वाटलं आज कव्हरं घालायची आहेत. पण मास्तरांनी बाजारभावाचं पान उघडायला लावलं आणि कांद्याच्या भावाची सरासरी काढायला सांगितली. बातमीतली गावं नकाशावर शोधायला लावली. मग जाहिराती.

"या तेलाने टकलावर केस येतात, असं कोण म्हणतंय?"

"तेलवाला, सर."

"आणि टकलू काय म्हणतोय?"

"त्याला कुणी विचारलंच नाही, सर!"

वर्ग हसला. बायको गेल्यापासून त्या वर्गात हसू आलेलं ते पहिलंच. मास्तरांनी फळ्यावर प्रश्न लिहिले. कोण? काय? कुठे? कधी? आणि त्यांच्याखाली, जाड अक्षरात, सांगणाऱ्याला हे कसं कळलं? कुठलीही बातमी घ्या, तिला हे प्रश्न विचारा, उत्तरं लिहून आणा.

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, हा वर्ग आहे की रद्दीचं दुकान?"

"दोन्ही, बाई. जाताना झाडून ठेवतो."

पुढे घरी येणारा रोजचा पेपरही मास्तर त्याच गठ्ठ्यात आणून टाकू लागले. पेपरचा तास सगळ्यात आवडला तो भिंगरीला. पायाला भिंगरी आणि जिभेला धार, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आई घरी शिवणकाम करायची, गावभर तिला टेलरबाई म्हणत. बाप बोटीवर कामाला, वर्षातून एकदा उगवणारा. भिंगरीने एक दिवस हात वर केला.

"सर, उद्याबाबांना कसं कळतं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मास्तरांच्या घरचं सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे चमत्कार?"

"म्हणजे माहीत नाही. 'माहीत नाही' हे उत्तर झालं. 'चमत्कार' हे उत्तर नव्हे, तो प्रश्नावर घातलेला पडदा."

भिंगरीला पडदा बघितला की ओढायची खोड. त्याच संध्याकाळी ती गर्दीत पुढे घुसली आणि ओरडली, "बाबा, उद्याच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवून द्या ना! आडवा पहिला शब्द तरी सांगा!"

आधी एकजण हसला, मग दहाजण. बाबाचं हवेतलं पान अर्धवटच राहिलं. असलं काही कुणी विचारेल हे त्याला सुचलंच नव्हतं. डोळे गरगर फिरवत त्याने भिंगरीकडे बोट केलं.

"पूल!" तो खर्जात म्हणाला. "खाली पाणी. मुलीचं नाव. काळ्या चौकटीत. हा महिना उलटायच्या आत!"

हसू जागच्या जागी विझलं. टेलरबाईंनी गर्दीतून धावत येऊन पोरीला पोटाशी धरलं.

शाळा पुलापलीकडे होती. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची शाळा बंद.

मास्तर टेलरबाईंच्या खोलीवर गेले. मशीनवर अर्धा झगा, जमिनीवर चिंध्या, आणि भिंगरी काज करत कोपऱ्यात बसलेली. तिच्या मनगटावर कोऱ्या कागदाची पट्टी होती.

"बाई, पोर हुशार आहे. तिला घरी बसवू नका."

"मास्तर, मला शिकवू नका," टेलरबाई मशीन न थांबवता म्हणाल्या. "तुमच्या घरातलं त्यांनी सांगितलं की नाही? खरं झालं की नाही? मग?"

मास्तरांनी तिथेच बसकण मारली.

"महिना गेला की पाठवीन," टेलरबाई जरा नरमून म्हणाल्या. पण महिना गेल्यावर बाबा दुसरा महिना काढेल, हे त्या खोलीत तिघांनाही कळत होतं.

मग मास्तर रोज शाळा सुटल्यावर तिथे जाऊ लागले. आदल्या दिवशीचा अभ्यास तपासायचा, नवा द्यायचा. एकदा भिंगरीने पेठेच्या आगीची बातमी लिहून ठेवली होती. सगळे प्रश्न, सगळी उत्तरं.

"तारीख चुकली," मास्तर म्हणाले. "तू गुरुवारचा पेपर लिहिलायस. ही बातमी शुक्रवारी आली. अख्ख्या वर्गाने मिळून वाचली होती."

"गुरुवारच्याच पेपरात आहे, सर."

"नाही गं. गुरुवारी संध्याकाळी तर तुमच्या त्या बाबाने सांगितली. गुरुवारी सकाळीच छापली असती तर त्याला कोण विचारतं?"

"मग मी काय मनाने लिहिली?" भिंगरी ताडकन उठली आणि खुंटीवरून एक कागद ओढला.

"अगं, अगं! तो फ्रॉकच्या पाठीचा माप-कागद आहे!" टेलरबाई ओरडल्या.

गावातल्या बाकी शिवणाऱ्यांसारख्या टेलरबाईही जुन्या पेपरातून मापं कापून ठेवत. हा कागद मानेशी गोल कापलेला होता. पण गळ्याच्या डाव्या बाजूला पेपरचं नाव आणि तारीख शाबूत होती. गुरुवार. आणि कमरेपाशी पेठेची आग.

"हा पेपर कुठून आणलात, बाई?"

"मी कशाला आणू? शहरातल्या दुकानातून अस्तराचं कापड येतं, त्याला गुंडाळलेला असतो."

मास्तरांनी तो कागद उजेडाला धरून पुन्हा वाचला. मग त्यांना मेहुण्यांच्या घरी बघितलेल्या चार ओळी आठवल्या. शहरात आदल्या दिवशी, गावात दुसऱ्या दिवशी. दोनदा छापलेलं नव्हतंच ते.

सकाळी वर्गात जाऊन त्यांनी गठ्ठ्यातला गुरुवारचा पेपर काढला. तेच नाव, तीच तारीख. आगीच्या जागी चपलांची जाहिरात.

सुट्टीच्या दिवशी ते शहरात गेले. पेपरच्या कचेरीत खिडकीवर बसलेल्या माणसाला त्यांनी दोन्ही कागद दाखवले. तो हसला.

"यात काय? एक डाक आवृत्ती, एक शहर आवृत्ती. कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, कुणी वाचत नाही. तुमच्या गावचा पेपर आम्ही संध्याकाळीच छापून गाडीत टाकतो, लांब जायचा असतो ना. शहराचा छापतो मध्यरात्रीनंतर. मधल्या वेळात जे घडतं ते शहराला सकाळी मिळतं. तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या अंकात."

मास्तर इतकी वर्षं पेपर वाचत होते आणि एका तारखेचा पेपर सगळीकडे एकच असतो, असं धरून चालले होते. अख्खं गावच तसं धरून चाललं होतं. बाबाचा सगळा अग्नी त्या एका समजुतीवर पेटलेला होता.

परत येताना डेपोजवळ त्यांना दुधाचा रिकामा टँकर दिसला. गावात दूध भरायला निघालेला. ड्रायव्हरने टपरीवरून पेपर घेतला, घडी करून सीटखाली सरकवला. हा टँकर रोज दुपारी बर्फाच्या कारखान्यामागे उभा राहायचा.

त्यांनी टेलरबाईंना सगळं समजावलं. टेलरबाईंनी ऐकलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "कागदाचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण माझ्या पोरीचं त्यांनी सांगितलं तेही खरं असलं तर? माझी एकच आहे, मास्तर."

भिंगरीने काजातली सुई बाहेर काढली. "आई, पूल ओलांडायला तुझी बंदी आहे. ओट्यावर चढायला नाही ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसच्या कंडक्टरने मास्तरांना शहरातला ताजा पेपर आणून दिला. भिंगरीने तो तिन्हीसांजेपर्यंत पाठ केला. संध्याकाळी गर्दी जमली. चेला "खोकला आवरा" म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच भिंगरी ओट्यावर.

"आज मी सांगते! काल म्हणजे राख, आज म्हणजे धूर, आणि उद्याच्या पेपरात आहे, घाटात ट्रक उलटला, ड्रायव्हर वाचला, टोमॅटो गेले! नाट्यगृहाचं छप्पर गळायला लागलं! आणि एका वकिलाच्या घरी चोरी, चोराने फक्त कुकर नेला!"

"खाली उतर, ए पोरी!" चेला ओरडला. तेवढ्यात बाबा बाहेर आला. हात हवेत गेला, पान उलटलं.

"घाट ... मला घाट दिसतोय ... लाल, सगळीकडे लाल ..."

"टोमॅटो!" गर्दी एका सुरात म्हणाली.

बाबाने पान बदललं. "छत ... पाणी ..."

"नाट्यगृह!"

त्याने आतलं पान काढलं. "एक वृद्ध ... पारितोषिक ..."

"पान पाच, खाली, मलमाच्या जाहिरातीशेजारी," भिंगरी म्हणाली. "ते वृद्ध पोहण्यात पहिले आले."

मग सायकलदुरुस्तीवाला पुढे आला आणि त्याने सरळ भिंगरीच्या पायावर डोकं ठेवलं.

"पोरीच्या अंगात आलं!"

"अहो काका, उठा! काही आलेलं नाही. मी पेपर वाचलाय!"

"ऐका रे, ऐका! म्हणते पेपर वाचलाय! न छापलेला पेपर वाचला पोरीने!"

झालं. पाच-सहा बायका ओट्याकडे झेपावल्या. कुणी तान्हं मूल पुढे करू लागली, कुणी हरवलेल्या किल्लीचं विचारू लागली. किराणावाला चेल्याला म्हणाला, "तुमच्या बाबांपेक्षा ही स्पष्ट बोलते." भिंगरी पाय वर घेऊन ओट्याच्या कडेला उकिडवी बसली आणि रडकुंडीला येऊन ओरडली, "सर! हे लोक ऐकतच नाहीत!"

मास्तर ओट्यावर चढले. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. त्यांनी दोन पेपर काढले, एक या हातात, एक त्या हातात, आणि पहिल्या रांगेतल्या किराणावाल्याला वर बोलावलं.

"तारीख वाचा. दोन्हीची."

"आजची. दोन्ही आजचेच की."

"आता हा उजवीकडचा. टोमॅटो आहेत?"

"आहेत! छप्परपण आहे. आणि कुकर!"

"डावीकडचा, जो तुम्ही सकाळी घेतला, त्यात?"

किराणावाल्याने पानं उलटसुलट केली. "नाही. हे कसं काय?"

मग मास्तरांनी सांगितलं. आपला पेपर संध्याकाळी छापतात, शहराचा मध्यरात्रीनंतर. आपली उद्याची बातमी शहराने आज सकाळी चहाबरोबर वाचलेली असते. शहरातला पेपर दुपारी दुधाच्या टँकरमधून इथे येतो.

सगळ्यांनी टँकरच्या ड्रायव्हरकडे बघितलं. तो गर्दीत उभा राहून शेंगा खात होता.

"मला काय माहीत!" तो म्हणाला. "मला पेपर आणायला सांगितला, मी आणत होतो. मला वाटलं बाबांना वाचनाची आवड आहे."

बाबा अजून हार मानेना. "मी कागदाचा गुलाम नाही! ही विद्या आहे!"

"मग उद्याच्या शहराच्या पेपरातलं सांगा," मास्तर म्हणाले. "जो अजून छापलाच नाही. एकच बातमी."

बाबाने डोळे मिटले. चेला पुढे झाला. "बाबांचं आता मौन आहे."

"ते दिसतंच आहे," कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी हसू विझलं नाही.

पण टेलरबाई हसत नव्हत्या. त्या ओट्यापाशी आल्या, बाबासमोर उभ्या राहिल्या. "बाकीचं राहू दे. माझ्या पोरीचं काय? पुलाचं?"

बाबाचं मौन सुटेना. उत्तर दिलं भिंगरीने, ओट्यावरून उतरत.

"आई, ह्यांना तेवढंच कळतं जे आधी छापलेलं असतं. हो ना? मग माझं नाव छापून कुठे आलंय? नाही आलं. मग ह्यांनी ते वाचलं कुठे?"

टेलरबाई ते मनात घोळवत राहिल्या. मापाला माप जुळतं का, हे बघायची त्यांना सवय होती. मग कमरेची कात्री काढून त्यांनी पोरीच्या मनगटावरची पट्टी कापली.

"उद्या आठला तयार राहा," त्या भिंगरीला म्हणाल्या. "आणि काज अर्धे राहिलेत, ते आज पुरे कर."

रात्रीतून ओटा रिकामा झाला. चेल्याची घोंगडी तेवढी राहिली.

घरी आल्यावर मास्तरांनी सासूबाईंना पाणी दिलं. गर्दीत मागे उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे ती काही बोलली नाही?" त्यांनी विचारलं. "गुडघ्याचं वगैरे?"

"नाही, आई."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी."

"मग मला रविवारीच सांगायचं होतं. घरात. चारचौघांत का कळावं मला? एकदा चारचौघांतच कळलं होतं, तेवढं पुरे नव्हतं?"

हे तर्काने सुटणारं नव्हतं. मास्तर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "शेवटच्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती. त्याआधी एकदा म्हणाली होती, आईला सांगा, खिडकीला लावलेली चादर धुतली पाहिजे. निरोप असा तेवढाच आहे. मी द्यायला विसरलो."

"हे तिचंच बोलणं," सासूबाई म्हणाल्या. "सुखात आहे वगैरे ती कधी म्हणायची?" मग त्या उठून चादर काढायला गेल्या. औषधाची आठवण त्या रात्री मास्तरांनी करून दिली.

शाळेत पेपरचा तास आता मोठ्या बाईंनीच वेळापत्रकात घातला आहे. भिंतीवर दोन पेपर शेजारी शेजारी चिकटवले आहेत, एका तारखेचे, दोन आवृत्त्यांचे. भिंगरी येते, पूल ओलांडून, आणि रोज उशिरा येते. महिना उलटला. काळ्या चौकटीत तिचं नाव आलं नाही, अभ्यास न केल्याबद्दल फळ्यावर मात्र आलं.

गावात तरीही काही मनगटांवर पट्ट्या आहेत. विचारलं तर म्हणतात, असू दे, कागदाचं ओझं काय होतंय? ओझं कागदाचं नसतं. त्या कागदापायी एक पोर शाळेतून घरी बसली होती आणि एक म्हातारी खोट्या निरोपांवर जगत होती. कुणी काही अद्भुत सांगितलं तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याला एवढंच विचारावं, तुम्हाला हे कसं कळलं? खरं सांगणाऱ्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही. आणि आपल्याला उत्तर सापडलं नाही, तर माहीत नाही म्हणावं आणि शोधत राहावं. त्यात कमीपणा नाही.

उद्याबाबा आता तीन थांबे पुढच्या गावात बसतो, असं दुपारच्या बसचा कंडक्टर सांगत होता. तिथे त्याने एका न्हाव्याचा मुलगा गेल्याचं पेपरच्या एक दिवस आधी सांगितलं. तिथेही डाक आवृत्तीच जाते. त्या गावच्या शाळेला मास्तरांनी दोन पेपर पाठवायचे ठरवले आहेत, स्वतः जाऊन एक तास घ्यायचाही आहे. ते अजून झालेलं नाही.